लोकरीचा कुरळेपणा आणि नगरची घोंगडी

लोकरीची प्रत तंतूच्या कुरळेपणावरून ठरविण्याची रीत युरोपातील लोकरव्यापाराबरोबर रूढ झाली. मेरिनो मेंढीच्या बारीक तंतूवर इंचाइंचाला अनेक वळसे असतात. त्यामुळे सूत बारीक निघते व त्यात हवा कोंडून राहते. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील दख्खनी मेंढीची जाड, जवळजवळ सरळ लोकर याच मापाने हलकी ठरली. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात मुंबई सरकारने नगर परिसरात परदेशी एडक्यांशी संकर घडविण्याचे प्रयोग केले, त्यांच्या मुळाशी हेच माप होते. जिल्ह्याच्या कोरड्या माळरानावर टिकली मात्र दख्खनी मेंढीच.

कुरळेपणाचे कारण पुढे कळले. होरिओ व कोंडो या जपानी संशोधकांनी १९५३ साली दाखविले की, मेरिनोच्या तंतूत भिन्न गुणांचे दोन अर्धभाग एकमेकांस चिकटलेले असतात व त्यांच्या असमान आकुंचनाने तंतू वळतो. जाड, मज्जायुक्त तंतूत ही द्विदल रचना स्पष्ट नसते. म्हणजे दख्खनी लोकरीचा सरळपणा हा धनगराच्या हलगर्जीपणाचा परिणाम नव्हे. तो जातीचा गुण होय.

परंतु कापडातील सुताची नागमोड ही तंतूच्या कुरळेपणाहून वेगळी गोष्ट आहे. ती जन्मजात नसते, मागावर घडते. घोंगडी विणणारा सनगर ताण्याला चिंचोक्याची खळ देतो. खळीने ताठ झालेला व मागावर ताणून धरलेला ताणा फारसा वाकत नाही. त्याच्या वरखालून जाणाऱ्या बाण्यालाच अधिक वाकावे लागते. घोंगडी मागावरून उतरली, भिजली, खळ सुटली की ताण जातो, ताणाही नागमोडी होतो आणि घोंगडी लांबीत आटते. जावळाच्या, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीच्या, मऊ लोकरीची घोंगडी विशेष मानाची, हेही विणकर जाणून होता.

तात्पर्य, गिरणीला जो दोष वाटला तो घोंगडीला बाधला नाही. पावसात पांघरायला आणि खळ्यावर अंथरायला मऊपणापेक्षा चिवटपणा अधिक उपयोगी होता. आज घोंगडीची मागणी ओसरली आहे. वर्षाला एका मेंढीमागे निघणाऱ्या सुमारे अर्ध्या किलो लोकरीतून कातरणीचा खर्चही अनेकदा भरून निघत नाही. या लोकरीचे मूल्य पुन्हा ठरवावयाचे झाल्यास ते मेरिनोच्या वळशांवरून नव्हे, तर तिच्या स्वतःच्या उपयोगावरून ठरविले पाहिजे.