बुरशीने राखलेले काळीज

खाऱ्या पाण्याच्या आम्हा भातकुलीकरांना भांड्याला चिकटणारा क्षार चांगलाच ठाऊक. हृदयाच्या धमन्याही तशाच आतून लिंपल्या जातात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः मेद धमनीच्या भिंतीतच मुरतो. ती सुजते, आणि पुढे कधीतरी फुटली की रक्ताची गुठळी वाट अडवते. तो मेद लापशीसारखा. म्हणूनच १९०४ साली फेलिक्स मार्शां या जर्मन पंडिताने ‘लापशी’च्या ग्रीक शब्दावरून या रोगाचे नाव घडवले. १९१३ साली रशियात अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल चारून तोच विकार उत्पन्न केला.

उपाय मात्र सापडला बुरशीत! जपानच्या अकिरा एंडो यांनी सुमारे ६,००० सूक्ष्मजीव तपासले, तेव्हा १९७३ साली पहिले स्टॅटिन हाती लागले. हे द्रव्य यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती आवरते. मग यकृत ते रक्तातून ओढून घेते. १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांच्या चाचणीत अशा औषधाने मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले.

पण वाचकहो, हा रोग मुका आहे. ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी सोडणारे आमच्याकडे पुष्कळ. दुखत नाही म्हणजे मुरत नाही, असे नव्हे. चकली जपून खावी. गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून सोडू नये.