भायखळ्याची सां सूसी

मनमाडच्या फलाटावर मुंबईच्या गाडीची वाट पाहणाऱ्या मनुष्यास भायखळा हें केवळ वाटेवरील एक स्टेशन वाटतें. परंतु 1865 सालीं थळ घाट आगगाडीस खुला झाला आणि खानदेशचा कापूस मनमाडावरून थेट मुंबई बंदराकडे उतरूं लागला, त्या काळीं भायखळा ही धनिकांच्या बंगल्यांची व बागांची वसाहत होती. त्यांतील एका बंगल्याची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण तो अद्याप उभा आहे.

डेव्हिड ससून हे बगदादचे यहुदी व्यापारी. दाऊद पाशाच्या जाचामुळें ते बगदाद सोडून बुशहरास गेले व 1832 च्या सुमारास मुंबईस आले. 1842 च्या तहानें चीनचीं बंदरें खुलीं होतांच त्यांनीं आपला एक मुलगा तिकडे पाठविला. कापूस, कापड आणि अफू यांवर पेढी वाढली. पण वृद्ध शेटजींनीं बगदादी पोषाख सोडला नाहीं. त्यांच्या भायखळ्याच्या बंगल्याचें नांव मात्र फ्रेंच: सां सूसी, म्हणजे निश्चिंत! ज्या घरीं ती अफू पोंचली तेथें निश्चिंतपणा कितपत उरला असेल, हा प्रश्न आमच्या मनांतून जात नाहीं. घराण्याच्या देणग्या मोठ्या, पुण्याचें ससून रुग्णालय त्यांचेंच नांव सांगतें. तरी धनाचा उगम झांकून इतिहास लिहितां येत नाहीं.

1864 सालीं डेव्हिडशेट पुण्यास वारले. 1875 सालीं ज्यांचा ससून गोदी खुली झाली ते त्यांचे वडील पुत्र आल्बर्ट पुढें इंग्लंडांत स्थायिक झाले. मालक गेले कीं मुंबईंत बंगल्याचें आयुष्य संपतें. भायखळा-माझगांवचे असे किती बंगले चाळी व गोदामें यांच्या पोटांत गेले! सां सूसी वांचली ती रुग्णांमुळें. डॉ. होर्मसजी माणेकजी मसीना यांनीं 1902 सालीं स्थापिलेलें रुग्णालय आज याच वास्तूंत नांदतें.

गांवदेवीचें मणिभवन हेंही एका व्यापाऱ्याचेंच घर. 1917 ते 1934 या काळांत गांधीजी तेथें उतरत, म्हणून तें संग्रहालय झालें. लोक तेथें घर पाहावयास जातात. भायखळ्यास येणारा रुग्ण मान वर करून छत पाहत नाहीं, आणि त्यानें तें पाहावें अशी अपेक्षाही निष्ठुर होईल. म्हणून पाहण्याचें काम इतरांनीं करावें. आमच्या मतें येथून खाटा हलवून संग्रहालय मांडणें चुकीचें. मात्र नवी भिंत घालण्यापूर्वीं जुन्या भागाचीं मोजमापें व चित्रें घेतलीं पाहिजेत, आणि चुन्याच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा देऊं नये. चुना ओल बाहेर जाऊं देतो. सिमेंट ती आंत कोंडतें, आणि मग भिंत फुगून सुटूं लागते.

जवळच, राणीच्या बागेच्या दाराशीं, 1865 चा घड्याळाचा मनोरा ससूनांच्या नांवानें उभा आहे. तो सर्वांस दिसतो. बंगला मात्र विचारीत जावें लागतें, आणि विचारतांना मसीनांचें नांव घ्यावें लागतें.