वितळलेला इतिहास

इतिहास म्हटला की आपल्याला तलवारी, किल्ले आणि तह आठवतात. दागिना आठवत नाही. तो बायकांचा विषय समजला जातो. वास्तविक व्यापार, भाषा आणि माणसांची सरमिसळ यांची खूण दागिन्यात जितकी टिकून राहते, तितकी ती कागदातही क्वचितच सापडते.

आपल्या भागात परिचित असलेली पुतळ्यांची माळ घ्या. पुतळी हे मुळात व्हेनिसच्या डुकाट या सोन्याच्या नाण्याला आपल्या लोकांनी दिलेले नाव. 1284 पासून पाचशे वर्षे हे नाणे पाडले जात होते. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख, दुसऱ्या बाजूला येशू. नाण्यावर माणसांच्या आकृत्या, म्हणून पुतळी. मसाले आणि कापड यांच्या मोबदल्यात हे सोने मिसर आणि तांबड्या समुद्राच्या वाटेने आपल्या किनाऱ्यावर उतरले, व्यापाऱ्यांबरोबर घाट चढले आणि सोनाराने कडी लावून ते माळेत ओवले. पुढे सोनार स्वतःच तशा पुतळ्या घडवू लागले.

कोल्हापुरी साजाचीही तीच गोष्ट. परंपरेने त्यात एकवीस पाने. दहा पाने दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक-पाचूची आणि एकविसावे ताईताचे. ताईत म्हणजे अरबीतला ‘तावीज’. बाजूबंद आणि शिरपेच फारसीतून आले. दखनी मुस्लिम घरांत सुहागन काळ्या मण्यांचा लच्छा घालते, तो मंगळसूत्राचा सख्खा शेजारी. आपण कोण, कुठले, असा प्रश्न आपल्याला वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर आजीच्या डब्यात होते.

होते, असे म्हणावे लागते. का, ते समजण्यासाठी थोडे दूर जाऊ.

आपल्याकडे नाण्याचा दागिना झाला, पश्चिम आफ्रिकेत दागिन्याच्या घाटाचेच नाणे झाले. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून पोर्तुगीज व्यापारी तिथे ‘मनिला’ नावाची पितळ-तांब्याची कडी चलन म्हणून नेत. त्या कड्यांच्या मोबदल्यात मिरी, हस्तिदंत आणि माणसेसुद्धा विकत घेतली गेली. बेनिन राज्यातील एदो कारागिरांनी हे धातू वितळवून मेणाच्या साच्याने राजासाठी, म्हणजे ‘ओबा’साठी, मुखवटे, फलक आणि हातातली कडी घडवली. त्यातले बरेचसे पितळ जर्मनीतील ऱ्हाईन नदीच्या परिसरातले होते, हे 2023 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. 1897 मध्ये इंग्रज फौजेने राजधानी जाळली आणि हजारो वस्तू लुटून नेल्या. त्या युरोपच्या संग्रहालयांत गेल्या. एदो लोकांनी त्या मागणे सोडले नाही. 2022 मध्ये जर्मनीने अकराशेच्या आसपास वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली, 2025 मध्ये नेदरलँड्सने 119 वस्तू परत केल्या.

लुटलेले परत मागता येते. वितळलेले कोणाकडे मागायचे?

आपला दागिना कोणी लुटला नाही. आपणच तो मोडीत घातला. कधी दुष्काळात, कधी दवाखान्यासाठी, कधी मुलीच्या लग्नात नव्या घडणीसाठी. गरजेला सोने मोडणाऱ्या बाईला दोष देता येणार नाही. दागिना तिची एकमेव बचत होती. खंत आहे ती वेगळी. जकातीसाठी हनफी घरांत दरवर्षी हिशेब होतो. साडेसात तोळे सोने, साडेबावन्न तोळे चांदी, हा निसाब सगळ्यांना पाठ आहे. म्हणजे वजन आपण मांडले; पण घाट कसा होता, नाव काय, कोणाकडून आला, हे कोणी लिहून ठेवले नाही.

पुण्यात दिनकर केळकर (1896-1990) यांनी फण्या, वज्री, अडकित्ते अशा घरगुती वस्तू जन्मभर जमवल्या. लोकांनी टाकून दिलेल्या गोष्टींतून राजा केळकर संग्रहालय उभे राहिले. प्रत्येकाला संग्रहालय उभारता येणार नाही. पण मोडीला जाण्यापूर्वी दागिन्याचा एक फोटो काढता येतो. घरातल्या वयस्कर बाईला त्याचे नाव विचारून, तो कोणी कोणाला दिला ते वहीत टिपता येते. उर्दूत लिहा, मराठीत लिहा. वारणेच्या खोऱ्यातल्या दहा घरांनी जरी असे केले, तरी आपल्या नातवंडांना आपला इतिहास दुसऱ्याच्या पुस्तकात शोधावा लागणार नाही.