अनुकरणवाचक शब्द

ध्वनीची नक्कल करून बनलेले शब्द. मराठी व्याकरणात पूर्णाभ्यस्त व अंशाभ्यस्त यांच्या जोडीने हा अभ्यस्त (ध्वनींच्या आवृत्तीने बनलेल्या) शब्दांचा तिसरा प्रकार मानतात.

पुण्यात मुठेकाठच्या वारज्यात यांची उदाहरणे कानांवर आदळतात: मुंबई-बंगळूरू महामार्गावरच्या ट्रकची घरघर, पावसाळ्यात नदीचा खळखळाट, पाखरांची किलबिल.

एका ध्वनीतून मराठी अख्खे कुटुंब उभे करते. 'खळखळ'वरून खळखळणे हे क्रियापद, खळखळाट हे नाम, खळाखळा हे क्रियाविशेषण. अक्षरे बदलली की आवाजाचा आकारही बदलतो. देवळातली मोठी घंटा घणघणते, देव्हाऱ्यातली छोटी किणकिणते.

ही जाण जुनी आहे: 'काक' (कावळा) हे नाव पक्ष्याच्या आवाजावरून पडले, असे यास्काच्या 'निरुक्त' या प्राचीन संस्कृत व्युत्पत्तिग्रंथात म्हटले आहे.

नक्कल मात्र भाषेगणिक वेगळी: मराठी कोंबडा 'कुकूच कू' करतो, जपानी 'कोके-कोक्को'.