नखाएवढे चित्र

सहलीचे छायाचित्र संगणकात शोधले, की पूर्वी आपल्यापुढे नुसत्या नावांची यादी येई. चित्र ओळखायला फाईल उघडावीच लागे. मंद यंत्रावर ते फार वेळखाऊ. १९९५ साली जपानमध्ये एक्झिफ हा संकेत ठरला: कॅमेऱ्यानेच छायाचित्राची छोटी प्रत त्याच फाईलीत ठेवायची. १९९८ मध्ये तिचे माप ठरले, १६० × १२० बिंदू. १६०० × १२०० बिंदूंच्या चित्राचा हा शंभरावा भाग (वर्गात गुणाकार करून पाहावा!). २००१ च्या विंडोज एक्सपीत पाहिलेली लघुचित्रे त्या-त्या फोल्डरमध्येच 'थम्ब्स.डीबी' या लपलेल्या फाईलीत साठत. पाहणे झटपट झाले. मात्र मूळ छायाचित्र पुसले, तरी त्याची नखाएवढी प्रत तिथे उरू शके. आपण मात्र समजत होतो, पुसले म्हणजे गेले.