जुनी मोटार, विक्रेता आणि कायदा : इंग्लंडमधील ग्राहकहक्कांची वाटचाल (१८९३ ते २०१५)

प्रस्तावना :

वापरलेली मोटार ही बाजारातील एक विलक्षण वस्तू आहे. तिचे खरे स्वरूप विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. आणि जे दोष पुढे महागात पडतात ते रंगरंगोटीखाली, इंजिनाच्या आत किंवा मागे फिरवलेल्या मीटरमध्ये दडलेले असतात. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली माहितीच्या या विषमतेवर निबंध लिहिला तेव्हा उदाहरण म्हणून जुन्या मोटारींचाच बाजार निवडला, हा योगायोग नव्हे. कायद्याला मात्र हा प्रश्न त्याआधी कित्येक वर्षे छळत होता. सदोष जुनी मोटार गळ्यात पडलेल्या ग्राहकाने दाद कोठे व कशी मागावी, या प्रश्नाच्या उत्तराची इंग्लंडमधील घडण प्रस्तुत लेखात पाहावयाची आहे. भारतीय वस्तुविक्री कायदा इंग्रजी कायद्याच्या साच्यातून घडल्यामुळे हा इतिहास येथील वाचकाला सर्वस्वी परका नाही.

१८९३ चा कायदा आणि त्यातील पळवाट :

'खरेदीदाराने सावध असावे' हे इंग्रजी कॉमन लॉचे जुने सूत्र होते. सर मॅकेन्झी चाल्मर्स यांनी मसुदा केलेल्या १८९३ च्या वस्तुविक्री कायद्याने कलम १४ द्वारे या सूत्राला अपवाद जोडले. विक्रेता त्या वस्तूंचा व्यापारी असेल तर वस्तू विक्रीयोग्य दर्जाची असावी व सांगितलेल्या उपयोगास लायक असावी, अशा शर्ती करारात अध्याहृत धरल्या जाऊ लागल्या. खासगी विक्रेत्यावर हे बंधन नव्हते. पेढीवरून घेतलेली गाडी आणि शेजाऱ्याकडून घेतलेली गाडी यांतील हा भेद पुढे सव्वाशे वर्षे टिकला.

परंतु त्याच कायद्याच्या कलम ५५ ने पक्षकारांना या शर्ती कराराने रद्द करण्याची मुभा दिली होती. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याचाच हा प्रकार होता. छापील करारपत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत 'वाहनाच्या वयाबद्दल, स्थितीबद्दल वा उपयुक्ततेबद्दल कोणतीही हमी नाही' अशा अर्थाचे कलम घातले की व्यापारी मोकळा. सही करणाऱ्याने ते वाचले नव्हते, ही सबब न्यायालये ऐकून घेत नसत.

भाडेखरेदीची पद्धत रूढ झाल्यावर पेच अधिकच वाढला. या पद्धतीत व्यापारी गाडी फायनान्स कंपनीला विकतो आणि कंपनी ती हप्त्यांवर ग्राहकाला देते. ज्याने गाडीची तोंडभरून स्तुती केली त्याच्याशी ग्राहकाचा करारच नसतो. ज्या कंपनीशी करार असतो तिने गाडी पाहिलेलीही नसते. एलेन विल्किन्सन यांच्या पुढाकाराने संमत झालेल्या १९३८ च्या भाडेखरेदी कायद्याने काही संरक्षण दिले, पण मोटारींसाठी त्याची मर्यादा ५० पौंडांची होती. शिवाय वस्तू वापरलेली आहे असे करारात नमूद केले की विक्रीयोग्य दर्जाची शर्त गळून पडे. म्हणजे संरक्षणाची गरज ज्याला सर्वाधिक, त्यालाच ते नाकारले गेले. १९५४ मध्ये मर्यादा ३०० पौंड झाली. तीही अनेक मोटारींना अपुरीच होती.

न्यायालयांचे प्रयत्न :

विधिमंडळाने सोडलेली ही पोकळी १९५० च्या दशकात न्यायाधीशांनी भरून काढण्याचा प्रयत्न केला. 'कारसेल्स (हॅरो) विरुद्ध वॉलिस' (१९५६) हा त्यातील सर्वांत बोलका खटला होय. ग्राहकाने ब्यूइक गाडी पाहिली तेव्हा ती उत्तम स्थितीत होती. किंमत ६०० पौंड ठरली. काही दिवसांनी एका रात्री ती दोराने ओढत आणून त्याच्या दारात सोडण्यात आली. सकाळी पाहतो तो नव्या टायरांच्या जागी जुने टायर, रेडिओ नाहीसा, इंजिनाचे सिलिंडर हेड निखळलेले, व्हॉल्व्ह जळालेले आणि दोन पिस्टन फुटलेले! गाडी स्वतःच्या बळावर हलूही शकत नव्हती. तरीही जबाबदारी नाकारणाऱ्या कलमाचा आधार घेऊन ग्राहकाकडे पैशांची मागणी झाली आणि खालच्या न्यायालयाने ती मान्यही केली. अपील न्यायालयाने निकाल फिरवला. ठरलेल्या वस्तूपेक्षा मुळातच भिन्न वस्तू देणाऱ्याला अशा कलमाआड लपता येणार नाही, अशी भूमिका लॉर्ड डेनिंग यांनी घेतली. 'मूलभूत करारभंगा'चे हे तत्त्व १९८० मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने कायद्याचा नियम म्हणून मोडीत काढले; पण तोपर्यंत त्याने आपले काम केले होते.

व्यापाऱ्याच्या तोंडी आश्वासनाचा प्रश्न 'अँड्र्यूज विरुद्ध हॉपकिन्सन' या खटल्यात सुटला. १९३४ सालची स्टँडर्ड गाडी विकताना व्यापाऱ्याने तिच्यावर प्राणाची पैज लावण्याची भाषा केली. आठवड्याभरातच स्टिअरिंग निकामी होऊन अपघात झाला व घेणारा गंभीर जखमी झाला. पैज व्यापाऱ्याची, पण प्राणांवर बेतले ग्राहकाच्या! करार फायनान्स कंपनीशी असला तरी व्यापाऱ्याचे ते शब्द म्हणजे स्वतंत्र, आनुषंगिक हमीच होती, असे ठरवून न्यायालयाने त्याला जबाबदार धरले.

विधान कोणी केले याला न्यायालये किती महत्त्व देत, हे दोन खटल्यांच्या तुलनेतून दिसते. १९५७ च्या खटल्यात एका खासगी मालकाने नोंदणीपुस्तकावर विसंबून आपली मॉरिस गाडी १९४८ ची असल्याचे सांगून व्यापाऱ्याला दिली. ती निघाली १९३९ ची. व्यापारी हरला, कारण खातरजमा करण्याची साधने त्याच्याचजवळ होती. याउलट १९६५ मध्ये एका व्यापाऱ्याने, नवे इंजिन बसवल्यापासून बेंटली गाडी अवघी २०,००० मैल धावल्याचे सांगितले. प्रत्यक्षात अंतर १,००,००० मैलांच्या घरात होते. येथे व्यापाऱ्याचे शब्द हमी ठरले.

जुन्या गाडीकडून अपेक्षा तरी किती करावी? १९६५ च्या 'बार्टलेट विरुद्ध सिडनी मार्कस' या खटल्यात क्लचमधील दोष ग्राहकाला आधीच सांगितला होता व त्यापोटी किंमत कमी केली होती. दुरुस्तीला मात्र ८४ पौंड लागले. जुनी गाडी रस्त्यावर सुरक्षितपणे चालत असेल तर ती विक्रीयोग्यच, असे सांगून डेनिंग यांनी ग्राहकाच्या विरुद्ध निकाल दिला. दहा वर्षांनी जॅग्वारच्या खटल्यात त्यांनीच ग्राहकाची बाजू उचलून धरली. ८२,००० मैल धावलेली ही गाडी ३९० पौंडांना विकली गेली होती आणि तीन आठवड्यांत सुमारे २,३०० मैल चालून तिचे इंजिन जाम झाले. विक्रीच्या वेळीच इंजिन अखेरच्या घटका मोजत होते, अशी साक्ष आधीच्या मालकाने दिली. ही साक्ष निर्णायक ठरली. पण असा साक्षीदार किती ग्राहकांना लाभणार?

विधिमंडळाचा हस्तक्षेप :

ग्राहक संरक्षणावरील मोलोनी समितीचा अहवाल १९६२ मध्ये आला. १९६८ च्या व्यापारी वर्णन कायद्यामुळे मीटर मागे फिरवून गाडी विकणाऱ्या व्यापाऱ्यावर फौजदारी खटला भरणे शक्य झाले. खरे वळण १९७३ चे. त्या वर्षीच्या कायद्याने ग्राहकविक्रीत अध्याहृत शर्ती नाकारणारी कलमे निरर्थक ठरवली आणि ऐंशी वर्षांची पळवाट बंद झाली. लिलाव मात्र त्यातून वगळले गेले, आणि जुन्या गाड्यांचा मोठा व्यवहार लिलावातही चाले. निरर्थक ठरलेल्या पाट्या तरीही दुकानांत लटकतच राहिल्या, कारण ग्राहकाला परतवून लावण्यास त्या पुरेशा होत्या. १९७६ च्या आदेशाने अशा पाट्या लावणे गुन्हा ठरले. तेव्हा काही व्यापारी वर्तमानपत्रांतील छोट्या जाहिरातींत खासगी मालकाचा आव आणू लागले. त्यावर १९७७ च्या आदेशाने जाहिरातीत व्यापारीपण उघड करणे सक्तीचे केले. कायदा पुढे सरकावा आणि व्यवहाराने नवी वाट शोधावी, हा खेळ या क्षेत्रात जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसेल.

गाडी परत करण्याचा हक्क मात्र संदिग्धच राहिला. वाजवी कालावधी उलटला की वस्तू स्वीकारली असे मानले जाई. १९८७ मध्ये तर, नवी कोरी निसान गाडी तीन आठवड्यांत सुमारे १४० मैल चालून बंद पडली तरी परतीची मुदत टळली, असा निकाल झाला. नुकसानभरपाई तेवढी मिळाली. १९९४ च्या दुरुस्तीने 'विक्रीयोग्य' ऐवजी 'समाधानकारक दर्जा' हा निकष आणला व टिकाऊपणाचाही त्यात समावेश केला. तथापि जुन्या गाडीच्या ग्राहकाला याचा लाभ होईलच असे नव्हते. १९९७ मध्ये स्कॉटलंडमधील एका न्यायालयाने, ८०,००० मैल धावलेल्या व २,९९५ पौंडांना घेतलेल्या रेनोचा गिअरबॉक्स पंधरवड्यात बिघडूनही ग्राहकाचा दावा फेटाळला.

२००३ पासून, पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष मुळातच होता असे गृहीत धरले जाऊ लागले; सिद्धतेचा भार व्यापाऱ्यावर गेला. आधीच्या मालकाची साक्ष शोधत फिरण्याची वेळ त्यामुळे टळली. १ ऑक्टोबर २०१५ पासून अमलात आलेल्या ग्राहक हक्क कायद्याने परतीसाठी ३० दिवसांची निश्चित मुदत दिली. ती उलटल्यास व्यापाऱ्याला दुरुस्तीची एक संधी, आणि ती फसल्यास किमतीत कपात किंवा गाडी परत करून परतावा. अशा परताव्यातून पहिल्या सहा महिन्यांत वापरापोटी रक्कम कापता येत नाही. अपवाद एकट्या मोटारींचा.

भारतीय कायद्याचा संदर्भ :

१९३० च्या भारतीय वस्तुविक्री कायद्याचे कलम १६ हे इंग्रजी कलम १४ चेच भावंड, तर कलम ६२ हे कलम ५५ चे. इंग्लंडने १९७३ मध्ये ग्राहकविक्रीपुरते जे दार लावून घेतले, ते येथे कलम ६२ च्या रूपाने उघडेच राहिले. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने स्वस्त व सुलभ मंच दिला. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या कायद्याने अन्यायकारक कराराची संकल्पना आणली आणि ग्राहकाला स्वतःच्या निवासाच्या ठिकाणी तक्रार करण्याची सोय दिली. पुण्याच्या पेढीवरून घेतलेल्या गाडीची तक्रार आता परभणीतही करता येते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांना परिवहन विभागाकडून प्राधिकारपत्र घेणे आवश्यक झाले असून, ताब्यातील वाहनाचा मानीव मालक म्हणून त्यांच्यावर जबाबदारी येते. ३० दिवसांत गाडी परत करण्याचा सरसकट हक्क किंवा सहा महिन्यांचे गृहीतक मात्र या कायद्यांत नाही. दोष विक्रीच्या वेळीच होता हे दाखवण्याचा भार सामान्यतः ग्राहकावरच पडतो, आणि त्यासाठी त्याला तज्ज्ञाचा अहवाल घेऊन जिल्हा आयोगापुढे उभे राहावे लागते.