लाइमहाउसची करवतगिरणी

पावसाळा तोंडावर आला की आमच्या परसदारी सरपण फोडून रचून ठेवण्याची लगबग असे. कुऱ्हाडीचा घाव बसला, पाचर ठोकली की ओंडका आपल्याच रेषेने दुभंगतो. मध्ये गाठ लागली तर माणसाला थांबून विचार करावा लागतो. फळी काढताना मात्र लाकडाची मर्जी सांभाळून भागत नाही. तेथे करवत हवी. आणि यंत्रे येण्यापूर्वी मोठी करवत म्हटली की दोन माणसे आलीच.

इंग्लंडात त्यासाठी खड्डा खणीत. खड्ड्यावर ओंडका आडवा ठेवून एक जण वर उभा राही, दुसरा खाली उतरे. वरच्याने रेघ सांभाळायची, करवतीला धार लावायची. खालच्याने ओढायचे आणि डोळ्यांत भुसा घ्यायचा. 'टॉप सॉयर' म्हणजे वरचा करवत्या, हा शब्द इंग्रजीत पुढे कोणत्याही वरचढ माणसासाठी रूढ झाला. खालच्याच्या वाट्याला अशी बढती आली नाही!

हॉलंडात कॉर्नेलिस कॉर्नेलिसझूनने पवनचक्कीवर चालणाऱ्या करवतीचा हक्क १५९३ सालीच मिळविला होता. चक्कीच्या फिरत्या आसाला जोडलेल्या वाकड्या दांड्याने करवत वरखाली हलू लागली आणि झान नदीच्या परिसरात अशा गिरण्यांची दाटी झाली. डचांच्या जहाजबांधणीला त्यांचा मोठाच हातभार लागला. इंग्लंडात मात्र पावणेदोनशे वर्षांनंतरही बहुतेक फळ्या खड्ड्यावरच निघत.

चार्ल्स डिंग्ली या धनाढ्य व्यापाऱ्याने थेम्सकाठच्या लाइमहाउस येथे वाऱ्यावर चालणारी गिरणी उभारली, तेव्हा लंडनमधील वातावरण तापलेलेच होते. १७६८ च्या त्या वसंतात भाकरी महाग होती. कोळसा वाहणारे, खलाशी, रेशीम विणकर, सारेच रस्त्यावर उतरले होते. १० मे रोजी शहराच्या दुसऱ्या टोकाला, सेंट जॉर्जेस फील्ड्सवर, सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या. त्याच दिवशी सुमारे ५०० करवत्ये डिंग्लीच्या गिरणीवर चालून गेले. हजारो माणसे भाकरीवाचून असताना ही गिरणी चालते, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. तिने तुमचे काही बिघडविलेले नाही, असे मालकाच्या कारकुनाने सांगून पाहिले. पण जमावाने गिरणीची मोडतोड केलीच.

पार्लमेंटने उत्तर द्यायला फार वेळ घेतला नाही. १७६९ साली दंगा करून गिरणी पाडणे हा देहान्त शिक्षेचा गुन्हा ठरला. भाकरीच्या गाऱ्हाण्याला त्या कायद्यात जागा नव्हती.

या माणसांना प्रगतीचे शत्रू म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांला ते पटत नाही. मोडतोडीचे समर्थन आम्ही करीत नाही. पण त्यांचा हिशेब चुकला होता तो केवळ काळाचा. वाऱ्याच्या एका गिरणीने लंडनच्या करवत्यांचे पोट मारले नसते. पुढे वाफ आली. पोर्ट्समथच्या गोदीत ब्रुनेलच्या यंत्रांवर जहाजांच्या कप्प्या होऊ लागल्या, तेव्हा ११० कसबी कारागिरांचे काम १० बिनकसबी माणसांवर आले. १८५० मध्ये हेन्री मेह्यू हा पत्रकार लंडनच्या करवत्यांना भेटला, तेव्हा वाफेच्या गिरण्यांनी त्यांचा धंदा बसत चालला होता. लाइमहाउसला ८२ वर्षे झाली होती. त्या जमावातला कुणी हे ऐकायला उरला असण्याचा संभव नव्हता.